पदवी मानसशास्त्राची, हिशेब पाच वर्षांचा

जबलपूरचे कमानिया गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची स्मृती जपत सराफ्याच्या गजबजाटात उभे आहे. या परिसरातील एका पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या मराठी गृहस्थांचे कुटुंब आपण उदाहरणादाखल घेऊ. त्यांची कन्या बारावी उत्तीर्ण झाली असून तिला मानसशास्त्र शिकावयाचे आहे. शहरातील शासकीय महाविद्यालय आणि पुण्यातील एक खाजगी महाविद्यालय, दोन्हीकडे प्रवेश मिळत आहे. घरची मुदत ठेव तीन लाख रुपयांची आहे. निवड कशी करावी?

प्रथम विषयाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. केवळ तीन वर्षांच्या बी.ए. पदवीवर मानसोपचाराचा व्यवसाय करता येत नाही. समुपदेशनाच्या बहुतेक चांगल्या पदांसाठी एम.ए. लागते, तर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तेथील नोंदणी आवश्यक असते. म्हणून अंदाजपत्रक तीन नव्हे, किमान पाच वर्षांचे करावे. 'पदवीनंतर दूरशिक्षणाने एम.ए. करू' हा स्वस्त मार्गही आता उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत.

आता आकडे मांडू. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत. जबलपूरला शुल्क, पुस्तके व जाणे-येणे मिळून वर्षाला ३०,००० रुपये, म्हणजे तीन वर्षांत ९०,००० रुपये लागतील. पुण्याला शुल्क ४५,०००, वसतिगृह व भोजन ९०,००० आणि प्रवास व पुस्तके १५,००० असे वर्षाला दीड लाख, म्हणजे तीन वर्षांत साडेचार लाख रुपये होतील. पहिल्या मार्गाने एम.ए. साठी २,१०,००० रुपये शिल्लक राहतात. दुसऱ्या मार्गाने संपूर्ण ठेव मोडूनही दीड लाख कमी पडतात आणि एम.ए. साठी काहीच उरत नाही.

ठेव न मोडता संपूर्ण साडेचार लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले तर? कर्ज दरवर्षी दीड लाखांच्या हप्त्यांनी मिळेल. व्याजदर १० टक्के धरू. अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढील एक वर्ष परतफेडीस सवलत असली तरी त्या काळातील सरळ व्याज जमा होत राहते. पहिल्या हप्त्यावर चार वर्षांचे ६०,०००, दुसऱ्यावर तीन वर्षांचे ४५,००० आणि तिसऱ्यावर दोन वर्षांचे ३०,००० मिळून १,३५,००० रुपये होतात. परतफेडीच्या प्रारंभी देणे ५,८५,००० रुपयांचे असेल. दहा वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे ७,७३० रुपये पडेल. नुकत्याच नोकरीस लागलेल्या मुलीला हा भार पेलेल का, याचा विचार आजच करावयास हवा. सवलतीच्या काळातही दरमहा व्याज भरत गेल्यास मुद्दल साडेचार लाखांवरच राहते. जुन्या करप्रणालीत या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावटही मिळते.

मात्र स्वस्त ते सदैव हिताचे, असे नव्हे. शुल्क भरण्यापूर्वी दोन्ही महाविद्यालयांत समक्ष जाऊन काही प्रश्न विचारावेत. मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून अखेरपर्यंत घेता येतो का? पूर्णवेळ अध्यापक किती? स्मरण, अवधान व बुद्धिमापनाची प्रात्यक्षिके विद्यार्थी स्वतः करतात, की केवळ वहीत उतरवितात? शाळा वा रुग्णालयात अनुभव मिळतो का? शिष्यवृत्तीस अधिवासाची अट आहे का? या उत्तरांना इमारतीच्या भव्यतेहून अधिक मोल आहे.

आपल्या उदाहरणातील मुलीला शहरातच ही उत्तरे समाधानकारक मिळाली, तर पदवी जबलपूरला आणि शिल्लक रक्कम एम.ए. साठी, हा मार्ग शहाणपणाचा ठरेल. प्रयोगशाळाच नावापुरती असेल, तर पुण्याची निवड करावी. परंतु वरील हप्ता जाणून आणि पुढील दोन वर्षांची तरतूद ठरवून. घरी मराठी व बाजारात हिंदी बोलत वाढलेली ही मुलगी उद्या दोन्ही भाषांतील माणसांचे दुःख ऐकू शकेल. ही पुंजी तिच्याजवळ आधीच आहे आणि तिला शुल्क पडत नाही.

कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी हा हिशेब घेऊन शाखेत अवश्य यावे. येताना मुलीलाही सोबत आणावे. हप्ता पुढे तिलाच भरावयाचा आहे.