ट्रॅक्टर व मोटारीच्या इंजिनासाठी वंगण : खनिज तेल की सिंथेटिक?

पेरणीच्या ऐन घाईत ट्रॅक्टरचे इंजिन नादुरुस्त झाले म्हणजे होणारे नुकसान दुरुस्तीच्या बिलापुरते नसते. वाफसा निघून जातो. अशा नादुरुस्तीचे एक मोठे कारण म्हणजे वंगणाकडे झालेले दुर्लक्ष होय. अलीकडे दुकानदार सिंथेटिक इंजिन ऑईलची शिफारस करतात व दुप्पट किंमत सांगतात. ती किंमत द्यावी किंवा कसे, हे शेतकऱ्याने स्वतः ठरवावयास हवे.

जमिनीतून निघालेले कच्चे तेल शुद्ध करून जे वंगण मिळते ते खनिज तेल. त्यात लहानमोठे, नाना तऱ्हेचे रेणू मिसळलेले असतात. सिंथेटिक तेलाचे रेणू रासायनिक क्रियेने एकसारखे घडविलेले असतात. त्यामुळे ते थंडीत गोठत नाही, अतिउष्णतेत लवकर जळत नाही व वाफ होऊन कमी उडते. हे गुण खरे आहेत. प्रश्न एवढाच की, त्यांची गरज कोणत्या इंजिनास आहे?

डब्यावरील ‘१५डब्ल्यू-४०’ या खुणेत ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्याचे चिन्ह होय. त्याच्या अलीकडील आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत प्रवाही. पुढील आकडा १०० अंश सेल्सिअसवरील दाटपणा दर्शवितो. १५डब्ल्यू तेलाची थंडीतील चाचणी उणे २० अंशांवर घेतात. निफाडकडे द्राक्षबागाइतदारांना धास्ती घालणारी थंडीसुद्धा शून्याच्या आसपास थांबते. तेव्हा थंडीचा जो लाभ सिंथेटिक तेल लडाखात देईल, तो महाराष्ट्रात ट्रॅक्टरवाल्यास मिळणार नाही.

उष्णतेची गोष्ट निराळी. टर्बो बसविलेल्या इंजिनात वंगणास फार ताप सोसावा लागतो. तेथे सिंथेटिक तेलाचा उपयोग होतो. नव्या मोटारींच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितले असल्यास तेच घालावे. तेथे काटकसर करू नये. धुरातील काजळी अडविणारी गाळणी असलेल्या डिझेल गाड्यांना कमी राख सोडणारे तेलच लागते. दुसरे तेल घातल्यास ती महागडी गाळणी तुंबते.

परंतु साध्या, टर्बो नसलेल्या ट्रॅक्टरचा खरा शत्रू धूळ आहे. उन्हाळी नांगरटीत किंवा मळणीच्या जागी उडणारी बारीक वाळू एअर क्लीनरमधून निसटली की ती तेलात मिसळते आणि सिलिंडर, रिंगा व बेअरिंगे कानशीप्रमाणे घासते. ही वाळू सिंथेटिक तेलातही तितकीच घासते! काजळीचेही तसेच. म्हणून महाग तेल घातले की ते दुप्पट दिवस चालेल, हा समज शेतात खरा ठरत नाही. समजा, इंजिनात ८ लिटर तेल मावते, ते २५० तासांनी बदलावयाचे आहे व ट्रॅक्टर वर्षात ७५० तास चालतो. म्हणजे २४ लिटर तेल लागले. लिटरला ३५० रुपये धरल्यास ८,४०० रुपये होतात. ७०० रुपयांच्या तेलाने १६,८०० रुपये होतील. उरलेल्या ८,४०० रुपयांत एअर क्लीनर व फिल्टर यांची चांगली निगा राखता येते. धुळीच्या दिवसांत तेलात बुडणाऱ्या एअर क्लीनरची वाटी रोज उघडून पाहावी.

अर्थात तेल खनिज असले तरी दर्जा पुस्तिकेतीलच हवा. एपीआय खुणेतील ‘सी’ अक्षर डिझेल इंजिनासाठी, तर ‘एस’ पेट्रोलसाठी असते. सुटे तेल घेऊ नये. सीलबंद डबाच घ्यावा. अडचणीच्या वेळी दोन्ही प्रकारचे तेल मिसळल्याने इंजिन बिघडत नाही, मात्र महाग तेलाचा गुण पातळ होतो. तेल बदलताना इंजिन थोडे गरम करून घ्यावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर वाहून जातो. पातळी मात्र ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर काही वेळाने पट्टीवर पाहावी.

काढलेले काळे ऑईल काही ठिकाणी जनावरांच्या खरजेवर चोळतात. हे सर्वस्वी चूक आहे. त्यात कर्करोगास कारण होणारी द्रव्ये असतात व जनावर ते चाटते. विहिरीजवळ किंवा बांधावरही ते ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून ते जुने तेल घेणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाकडे द्यावे.