बाज ओढावी, झोळी सोडावी

मळ्यातल्या खोलीतून पलंग काढून झोळी टांगायची, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा तुझी आजी शेजारीच गवार मोडत बसली होती. म्हणाली, "लेकराचा पाळणा सुटून पंचवीस वर्षं झाली, आता परत चढतोय होय?" मला मात्र तुझं म्हणणं पटलं. दहा बाय दहाची खोली आणि तिच्यात सहा बाय पाचचा पलंग. शंभरातले तीस फूट तिथेच गेले. वर कपाटाचं दार निम्मंच उघडतं आणि रात्री तीनला पाणी धरून आलेला माणूस अंधारात पलंगाच्या कोपऱ्याला नडगी आपटून घेतो. तेव्हा टांग खुशाल, पण मी सांगतो तशी टांग.

आपल्या सोनईत झोळी म्हटलं की ऊसतोडीच्या टोळ्या आठवतात. दिवाळी सरली की बीड-पाथर्डीकडून माणसं येतात, मुळा कारखान्याच्या हंगामात कोप्या उभ्या राहतात आणि फडाच्या कडेला बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी लोंबायला लागते. ती झोळी एकदा नीट बघ. पोर आत घातलं की ती पार पोटात जाते, कोयरीसारखी. एकही बाई ती ताणून बांधत नाही.

आपण तिथेच चुकतो, कारण आपल्याला सवय बाजेची. बाज सैल झाली, मधे खळगा पडला की पायथ्याचा दोर ओढायचा, वर पाय देऊन आणखी ओढायचा. टणक बाज ती चांगली बाज. तोच न्याय झोळीला लावला की माणूस पडतो. मी पडलोय, म्हणून सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा एका पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहायचो. उन्हाळ्यात फरशीही तापायची, म्हणून ताडपत्रीवाल्याकडून जाड कापड शिवून आणलं, समोरासमोरच्या भिंतींत दोन खुंट्या ठोकल्या आणि झोळी अशी ताणली की वर टिचकी मारली तर आवाज यावा. पहिली रात्र निभली. दुसऱ्या रात्री खुंटी, तिच्यामागचं प्लास्टर आणि मी, तिघंही खाली. माकडहाड महिनाभर दुखत होतं.

कारखान्यात मी फिटर. वजन उचलायची कामं खलाशी करायचे. आमचा म्हातारा खलाशी हे ऐकून हसला आणि त्यानं दोराचे दोन पदर हातात धरून मला दाखवलं. पदर जितके उभे, तितका त्यांच्यावर भार कमी; जितके आडवे होत जातील, तितका भार वाढत जातो. माणूस तोच, वजन तेच, तरीही. तुझं सत्तर किलो धर. दोर आडव्या रेषेपासून तीस अंशांत उतरत असेल तर प्रत्येक टोकाला सत्तरच किलोची ओढ बसते. तोच दोर ताणून दहा अंशांवर आणलास की ती ओढ दोनशे किलोच्या घरात जाते. खुंटी बिचारी काय करणार!

(या खलाशी शब्दाची गंमत बघ. झोळीला इंग्रजीत हॅमॉक म्हणतात, आणि तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला तेव्हा लोक टांगत्या झोळ्यांत झोपलेले दिसले. मग युरोपच्या जहाजांनी ती उचलली आणि दर्यावरचे खलाशी पुढे शेकडो वर्षं तिच्यातच झोपले. जहाजातली खोली तुझ्या खोलीहून लहान.)

तीस अंश मोजायला कारागीर नको. शेजारच्या पोराच्या कंपासपेटीतले गुण्ये माग. त्यातल्या लांबट गुण्याचं निमुळतं टोक तीस अंशांचं असतं. झोळीत कुणाला तरी बसव, गुण्या आडवा धर आणि दोर त्याच्या तिरक्या कडेला लागतो का बघ.

आता माप. भिंत ते भिंत टांगू नकोस, दहा फुटांत मोठ्या माणसाची झोळी आखूड पडते. कोपरा ते कोपरा टांग. दहा बाय दहाचा कर्ण चौदा फूट भरतो. हुकांचं जाऊन साडेतेरा धर. अकरा फुटांची झोळी आणि दोन्हीकडं सव्वादोन-सव्वादोन फूट दोर, एवढं बरोबर बसतं. हूक जमिनीपासून साडेपाच फुटांवर. मग बसल्यावर बुड फूट-दीड फुटावर येतं आणि पाय फरशीला टेकतात. पाय टेकलेच पाहिजेत. माझ्या वयाच्या माणसाला उठताना त्याचंच महत्त्व.

हूक कुठं, यावर सगळा खेळ. वाड्यातल्या बंगईला तुळईत कड्या असायच्या आणि तिचं वजन सरळ खाली जायचं. झोळी खाली ओढते तशी आतही ओढते. तीस अंशांतसुद्धा तुझ्या सत्तर किलोला साठ किलो आतल्या बाजूला. म्हणून चार इंची भिंतीत हूक मारायचाच नाही. लाकडाची वा प्लॅस्टिकची गिट्टी तर फोटोच्या खिळ्याला ठीक. पंख्याच्या हुकाला हात लावू नकोस, आणि पत्र्याच्या अँगललाही. तुझी खोली आरसीसीची आहे, म्हणजे कोपऱ्यात प्लास्टरखाली कॉलम असणार. हातोडीनं हलकेच ठोकत जा, विटेचा आवाज वेगळा आणि काँक्रीटचा वेगळा. आणि बांधणाऱ्या मिस्त्रीला विचार, त्याला आठवत असतं. त्या कॉलममध्ये बारा एमएमचा अँकर फास्टनर, पुढे बंद कडीचा. ड्रिल लोखंडाला लागलं तर रेटू नकोस, दोन इंच सरक. कॉलम नसून नऊ इंची विटेची भिंत असेल तर बोल्ट आरपार काढायचा आणि बाहेरून लोखंडी प्लेट लावून नट आवळायचा. आणि दाराच्या चौकटीला बांधायचं मनातसुद्धा आणू नकोस. शेजारी शिंगणापूरच्या घरांना दाराच्या फळ्या नसतात म्हणून चौकट काही झोळीसाठी मोकळी सोडलेली नाही.

कापड सुती आणि रुंद घे, साडेचार-पाच फूट. दोन्ही टोकांना लाकडी दांडी घातलेली झोळी दिसायला झोकदार, पण कूस बदलली की उलटी होते; ती बागेत फोटो काढायला ठेवावी. रुंद कापडाचा उपयोग असा की त्यात तिरपं झोपता येतं. लोक सरळ रेषेत झोपतात, केळ्यासारखे वाकतात आणि सकाळी पाठीला शिव्या देतात. डोकं थोडं डावीकडे, पाय थोडे उजवीकडे. पाठ जवळजवळ सपाट होते. चढताना आधी मधोमध बूड टेकायचं, पाठीमागं कापड पसरायचं, मग पाय वर. गुडघा आधी घातलास तर पलीकडच्या बाजूनं उतरशील.

आजीचा प्रश्न आला आहे: डोकं उत्तरेला तर नाही ना? तिला सांग, कोपऱ्यातल्या झोळीला चारीतली एकही दिशा नीट लागत नाही. तरी दक्षिणेकडच्या कोपऱ्यात उशी ठेव, वाद मिटतो. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, ते मात्र मी पाळतो. कडी झिजते.

डिसेंबरात एक गोष्ट कळेल. अंगावर दोन गोधड्या असूनही पाठ गारठते, कारण खालून वारा लागतो. म्हणून एक गोधडी खाली अंथरायची, मग वर काय घ्यायचं ते. उन्हाळ्यात हाच वारा सुखाचा. पाटाच्या पाण्यामुळं आपल्याकडे डास भरपूर, आणि ते कापडातूनही खालून चावतात. मच्छरदाणी झोळीला खालूनही वेढणारी हवी. दोर कडीत जिथं घासतो तिथं आठवड्याला बोट फिरवून बघ. सुती दोराला उंदीर लागतात, आणि तुझ्या खोलीच्या मागंच गव्हाची पोती आहेत.

नवरा-बायकोला झोळ्या दोन. एकीत दोघं मावतात असं वाटतं, पण मधल्या खळग्यात दोघंही एकमेकांवर येतात. लग्नाच्या पहिल्या महिन्यात चालतं, पुढं नाही. नातसुनेला आधी पंधरा दिवस झोपून बघू दे. तिला मानवली नाही तर हट्ट धरू नकोस. तोवर पलंग विकू नकोस, गोठ्यामागच्या शेडात उभा करून ठेव.

उद्या घरात तान्हं आलं तर मात्र त्याला रात्री यात झोपवायचं नाही. हनुवटी छातीवर दुमडली की तान्ह्याचा श्वास अडकतो. त्याला सपाट, कडक अंथरुणावर उताणं निजवायचं. फडातली बाई झोळीवर सतत नजर ठेवून असते, झोपलेल्या आईबापांना ते जमत नाही. चालती मुलं आली की सकाळी उठल्यावर झोळीचं एक टोक सोडून, गुंडाळून, वरच्या कडीला टांगायची. लोंबत्या कापडाचे पीळ मुलांच्या गळ्याशी जातात.

टांगून झाली की लगेच चढू नकोस. पन्नास किलोची सिमेंटची दोन पोती तीत घाल आणि रात्रभर सोड. सकाळी कडीभोवती प्लास्टरला केसभर चीर दिसली तरी काम पुन्हा. नाही दिसली, तर मला फोन कर, मी बघायला येईन. येईन आणि मुक्कामही करीन, पण मला झोळीत घालू नका. माझी बाज अंगणात असू दे. तिचा पायथा सैल झालाय, तेवढा ओढून ठेव.