बाणाच्या बुडाची कैफियत

विक्रीच्या वेळी दुकानदाराच्या जिव्हेला जी धार असते ती तक्रारीच्या वेळी त्याच्या स्मरणशक्तीला का नसावी, या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही; आणि ज्या गृहस्थाने आपल्या हाताने निवडून, बांधून आणि पावती फाडून दिलेली वस्तू आपण कधी दिलीच नव्हती असा आव आणला, त्याच्या दुकानात आजही आमच्यासारखी माणसे मुलांचा हात धरून शिरत असतील, या विचाराने हा मजकूर लिहावयास बसलो आहे. संताप अजून पुरता शमलेला नाही, हे वाचकांनी गृहीत धरावे.

आमच्या घरातील मुले शिकारीला कशी लागली, हे सांगत बसण्याचे प्रयोजन नाही. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनच्या पश्चिमेला टेकड्यांचा जो मुलूख पसरला आहे तेथे शरद ऋतू लागला की शाळेतली निम्मी मुले हरणांविषयीच बोलत असतात, एवढे पुरे. कोल्हापूरच्या छत्रपतींनी पाळलेले चित्ते काळविटांवर कसे सोडले जात, याच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बंद केले आणि ते योग्यच केले. परंतु येथील परिस्थिती निराळी आहे. या एका राज्यात व्हाइटटेल हरणांची संख्या दहा लाखांच्या वर आहे, त्यांना आवरणारा लांडगा मुख्यत्वे उत्तरेकडील अरण्यात आहे, आणि दक्षिणेत ते काम मोटारी आणि शिकारी यांच्यावर सोपविलेले आहे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

क्रॉसबो हे शस्त्र मुलांच्या हाती येण्याचे कारणही तसे सरळ आहे. 2014 पूर्वी या राज्यात ते प्रायः अपंगांना आणि वयोवृद्धांनाच वापरता येत असे. त्या वर्षापासून त्याला स्वतंत्र मोसम मिळाला, जो सप्टेंबरच्या मध्याला उघडतो आणि जानेवारीच्या आरंभापर्यंत चालतो. साध्या धनुष्याची प्रत्यंचा ताणून हाताने धरून ठेवावी लागते आणि लहान मुलाचा दंड थरथरू लागला की बाण कोठे जाईल याचा नेम राहत नाही. क्रॉसबोची प्रत्यंचा एकदा चढवली की ती आपल्या जागी अडकून राहते, आणि मुलाने फक्त दस्ता खांद्याला लावून, दुर्बिणीतून पाहून, चाप ओढायचा असतो. हीच सोय आहे आणि हाच धोका आहे, कारण ताण दिसत नसला तरी तो तेथे असतोच.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आणि भाची अकरा वर्षांची. मुलाने शिकारीच्या सुरक्षिततेचा शिक्षणक्रम पुरा करून दाखला मिळविला होता, जो 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला येथे शिकारीच्या परवान्यासाठी लागतो. भाचीला मात्र अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरावर राहूनच शिकार करण्याची जी मुभा आहे, तिचा लाभ द्यावयाचा होता. ही सारी हकीकत मी दुकानदाराला प्रारंभीच निवेदन केली होती. मुलांची उंची, भाचीचे वजन, आमचे लपण केवढे आहे, हे सगळे सांगितले. त्याने ते सर्व ऐकल्यासारखे केले आणि भिंतीवरून जे शस्त्र उतरविले त्याच्या खोक्यावर सेकंदाला 400 फूट हा आकडा एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलेला होता की खाली दुसरे काही छापले असेल अशी शंकाही येऊ नये. "मुलं वाढतात, साहेब. हे एकदाच घ्या, आयुष्यभर पुरेल," असे तो म्हणाला, आणि या शस्त्राबरोबर येणारे बाण संपले आहेत असे सांगून दुसऱ्या खोक्यातले सहा बाण काढून, "सगळे सारखेच असतात," अशी ग्वाही देत, ते त्याने त्याच पावतीवर लिहिले. ही पावती मी जपून ठेवली, हे त्याचे दुर्दैव.

सरावाच्या वेळी काय घडले ते थोडक्यात सांगतो. आमच्या परिचयाच्या शेतकऱ्याच्या माळावर, जाड लक्ष्यापासून 20 यार्डांवर, भाची बाकावर टेकून बसली होती आणि मी तिच्या शेजारी गुडघ्यावर होतो. प्रत्यंचा मी चढविली होती, बाण मी ठेवला होता, तिचा डावा हात खोबणीच्या पुष्कळ खाली पकडीवर होता. तिने चाप ओढला. नेहमीच्या आवाजाऐवजी लाकूड फुटल्यासारखा कडाका झाला, बाण समोर काही पावलांवर गवतात जाऊन पडला, प्रत्यंचा चाकावरून निसटून लोंबू लागली आणि धनुष्याच्या एका बाहूला उभी चीर गेलेली दिसली. बाहूचा तुकडा उडून तिच्या तोंडावर आला नाही, हे केवळ दैव. मुलीने शस्त्र हळूच बाकावर ठेवले आणि मला विचारले, "मामा, माझं काही चुकलं का?"

तिचे काहीही चुकले नव्हते, हे मला त्याच क्षणी ठाऊक होते. पण चुकले कोणाचे हे मला दुकानात कळले, आणि ते दुकानदाराच्या हातानेच कळले. त्याने मोडलेले शस्त्र उलटसुलट करून पाहिले आणि डोके हलवीत निकाल दिला की बाण न ठेवताच चाप ओढला गेला आहे, त्याला हमी लागू नाही. मी म्हटले, बाण होता, आणि तो हा. तो बाण त्याने हातात घेतला, दिव्याकडे धरून त्याचे बूड पाहिले, आणि मग बोलता बोलता, अगदी सहज, त्या बुडावर अंगठा ठेवून तो बाण टेबलाखालच्या फळीवर सरकवून दिला. मी तो परत मागितला. "आता तो काय कामाचा?" असे तो म्हणाला. मी म्हटले, माझा आहे. या दोन वाक्यांच्या मधली जी शांतता होती तिच्यात मला सगळा उलगडा झाला. कारण त्याच्या पाठीमागच्या खुंटीवर त्याच कंपनीच्या नावाचे बाण टांगलेले होते, आणि त्यांच्या बुडाला चंद्रकोरीसारखी खाच होती. माझ्या बाणाचे बूड सपाट होते.

ज्यांना हा भेद नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो. क्रॉसबोच्या बाणाचे बूड सपाट असते, चंद्रकोरीच्या आकाराचे असते, किंवा प्रत्यंचेला पकडून बसणाऱ्या खोल खाचेचे असते. आणि कोणत्या शस्त्राला कोणते बूड चालते हे निर्माता ठरवितो. खाचेचे बूड अपेक्षित असलेल्या शस्त्रात सपाट बुडाचा बाण ठेवला तर सुटताना प्रत्यंचा बाणाच्या वरून किंवा खालून घसरू शकते. मग जी शक्ती बाणाने वाहून न्यावयाची ती बाहूंवर, चाकांवर आणि प्रत्यंचेवर उलटते. शस्त्राला कळत नाही की बाण होता. त्याच्या लेखी ते रिकामेच सुटलेले असते. बाण बेताहून हलका असला तरीही थोड्याफार प्रमाणात हेच होते. अनेक निर्माते 400 ग्रेन, म्हणजे सुमारे 26 ग्रॅम, किंवा त्याहून अधिक वजनाचा बाण सांगतात. आपल्या शस्त्राचा आकडा त्याच्या माहितीपुस्तकात पाहावा.

एवढे कळल्यावर मी शांतपणे खुलासा मागितला, तेव्हा त्या गृहस्थाने जे केले ते मी विसरू शकत नाही. दारापाशी उभ्या असलेल्या माझ्या भाचीकडे पाहून तो म्हणाला, "लहान मुलांच्या हातून असं होतं. अंगठा वर आला असेल." अंगठा वर आला असता तर प्रत्यंचेने तो जागेवर राहू दिला नसता, हे त्या धंद्यातल्या माणसाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते; भाचीची दहाही बोटे शाबूत होती, हाच तिच्या निर्दोषत्वाचा पुरावा होता. पुढे कंपनीशी रीतसर पत्रव्यवहार झाला. वापरणाऱ्याच्या हयगयीमुळे नुकसान झाले असल्याने दावा अमान्य, असे उत्तर आले. मी पावतीची नक्कल पाठविली. दुकानदाराने आपण कोणते बाण दिले ते स्मरत नाही असे कळविले, जणू पावतीवरचे अक्षर दुसऱ्याचे होते. आणि अखेरीस नव्या शस्त्रावर सवलत देऊ करण्यात आली, जी मी नाकारली. माझे म्हणणे पहिल्या दिवसापासून बरोबर होते आणि ते कोणीही लेखी कबूल केले नाही.

आता वेगाविषयी. 20 यार्ड म्हणजे 60 फूट. सेकंदाला 300 फुटांनी जाणारा बाण ते अंतर सेकंदाच्या पाचव्या भागात कापतो. 400 फुटांनी जाणारा 0.15 सेकंदात. म्हणजे त्या मोठ्या अक्षरांतल्या आकड्यासाठी जी किंमत आपण मोजतो, जो जडपणा आणि जो ताण मुलाच्या गळ्यात बांधतो, त्याचा मोबदला सेकंदाचा विसावा भाग. हरीण बाणाला नव्हे, आवाजाला दचकते, आणि आवाज सेकंदाला सुमारे 1,100 फूट जातो, म्हणून कोणताही क्रॉसबो त्याला मागे टाकू शकत नाही. 40 यार्डांवर अगदी 350 फुटांच्या बाणाआधीही आवाज जवळजवळ पाव सेकंद अगोदर पोहोचतो, आणि तेवढ्यात सावध हरीण गुडघे वाकवून खाली दबते. जो बाण फुप्फुसात शिरावयाचा तो पाठीवरून जातो किंवा, त्याहून वाईट, पाठीत अडकतो. उपाय वेग नव्हे, अंतर. मुलांसाठी 20 ते 25 यार्ड, त्यापुढे नाही, मग दुर्बिणीत कितीही रेघा असोत. 300 फूट वेगाने सुटलेल्या 400 ग्रेनच्या बाणात सुमारे 80 फूट-पौंड ऊर्जा असते, आणि ती हरणाला पुरून उरते.

मुलाला शस्त्र बसते की नाही हे दुकानात सदऱ्यावर पाहू नये. नोव्हेंबरात जो जाड कोट अंगावर असेल तो घालून पाहावे, कारण कोटाच्या जाडीने दस्ता लांब पडतो आणि डोळा दुर्बिणीपासून दूर जातो. आखूड-लांब होणारा दस्ता असेल तरच घ्यावे. सहासात पौंडांचे शस्त्र पुढच्या बाजूला जड असते. मुलांना ते हातावर पेलावयास लावणे हा छळ आहे, तिवई किंवा काठीचा टेकू द्यावा. 180 पौंडांच्या ताणाची प्रत्यंचा कप्पीच्या दोरीने चढवली तरी निम्मा भार हाताला लागतो, जो पुष्कळ मुलांच्या स्वतःच्या वजनाएवढा असतो. हँडल फिरवून चढविण्याची चक्री असलेले घ्यावे, आणि तरीही चढविण्याचे काम मोठ्यानेच करावे. लपणात बसलात तर बाहूंच्या दोन्ही टोकांना मोकळी जागा आहे की नाही हे खिडकीच्या चौकटीशी हात फिरवून पाहा, कारण बाहू सुटताना बाहेर फेकले जातात आणि चौकटीला आपटले की पुन्हा तोच कडाका. मचाणावर चढताना अंगाला पट्टा बांधलेला असावा. शस्त्र पाठीवर न घेता, प्रत्यंचा न चढविलेल्या आणि बाण न ठेवलेल्या स्थितीत, दोरीने वर ओढून घ्यावे. संध्याकाळी शिकार न होता परतावे लागले तर चढलेली प्रत्यंचा चाप धरून हाताने उतरविण्याचा मोह कोणी करू नये. निर्मात्याने चक्रीने उलट उतरविण्याची सोय दिली असेल तर ती वापरावी, नाहीतर जुना बोथट बाण मऊ लक्ष्यात सोडून द्यावा.

बाकी नेहमीचेच: धीर धरावा, प्रत्यंचेला मेण लावावे, मुलांवर ओरडू नये.

बाण लागल्यावर मुले धावतात. त्यांना धरून ठेवावे. फेसाळ, गुलाबी रक्त दिसले तर अर्धा तास थांबून माग काढावा. काळपट रक्त यकृताचे, त्याला चारपाच तास द्यावेत. हिरवट घाण दिसली तर आतड्याला लागले आहे असे समजून आठ ते बारा तास त्या दिशेला फिरकू नये, नाहीतर हरीण उठून पुढे जाते आणि कोणाच्याच हाती लागत नाही. या मुलखातील हरणांना 2002 पासून मेंदू पोखरणारा एक रोग आढळतो. मांस चुलीवर चढविण्यापूर्वी सरकारी तपासणीला नमुना द्यावा, आणि रोग निघाला तर ते खाऊ नये.

आम्ही आता 300 फुटांच्या आसपास वेगाचे, चक्रीचे, आखूड दस्त्याचे शस्त्र वापरतो. भाचीने पुन्हा चाप ओढावयास पुष्कळ दिवस घेतले. ते दिवस कोणत्याही हमीपत्रात भरून मिळत नाहीत, आणि त्यांचा हिशेब मी त्या दुकानदाराच्या नावावर मांडून ठेवला आहे. ज्यांना मुलांसाठी क्रॉसबो घ्यावयाचा असेल त्यांना माझी एवढीच विनंती आहे: माहितीपुस्तक दुकानातच उघडून घ्या, बाणाच्या बुडाचा आकार आणि बाणाचे वजन पावतीवर विक्रेत्याच्या सहीनिशी लिहून घ्या, आणि तो सही करावयास कुरकुरू लागला तर मुलांना घेऊन दुसरे दुकान गाठा.