पाळण्यातून थेट शाळेत

‘द सिम्स 4’ हा गेम 2 सप्टेंबर 2014 रोजी अमेरिकेत विक्रीला आला. त्यात जन्मलेलं बाळ पाळण्यातच राहायचं आणि वाढदिवस झाला की एकदम शाळकरी मूल होऊन समोर उभं राहायचं. रांगणं, पहिलं पाऊल, बोबडे बोल, यांतलं काहीच नाही. घराला पोहण्याचा तलाव बांधता येत नव्हता. तळघर नाही, गाड्या नाहीत, मेलेल्यांची भुतं नाहीत, घराण्याची वंशावळ दाखवणारा तक्ता नाही. शेजाऱ्याकडं जायचं म्हटलं तरी ‘लोडिंग’ची पाटी येऊन सगळं थांबायचं. त्याआधीच्या, 2009 च्या तिसऱ्या भागात अख्खं गाव एकसंध होतं. घरातून निघालेला माणूस चालत बाजारापर्यंत जाताना दिसायचा. सोफ्याचं कापड, भिंतीचा रंग रंगचक्रावरून हवा तसा निवडता यायचा. तेही गेलं होतं.

निफाडला मी संगणकाचे वर्ग घेते. एमएस-सीआयटीला येणारी मुलं-मुली एक्सेल आणि टायपिंग शिकतात आणि वर्ग सुटला की हळूच विचारतात, “ताई, हा गेम आपल्या पीसीवर चालेल का?” दुसऱ्या भागापासून मी हे गेम खेळत आले आहे, त्यामुळं असे प्रश्न माझ्याकडं येतात. चौथा भाग आला तेव्हा आमच्याकडच्या खेळाडूंचा झालेला हिरमोड मी जवळून पाहिला. त्यातून जे कळत गेलं ते नव्या भागावर पैसे खर्च करायला निघालेल्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगते.

ज्यांनी हे गेम खेळले नाहीत त्यांना एवढी नाराजी कशासाठी, असं वाटेल. तलाव नसला तर नसला! पण या गेममध्ये जिंकायचं काही नसतं. 1991 च्या ओकलंडच्या वणव्यात या गेमचे जनक विल राइट यांचं घर जळालं. ते पुन्हा उभं करताना, माणसाला जगायला नक्की काय काय लागतं, हा विचार त्यांच्या डोक्यात घोळत राहिला आणि त्यातून 4 फेब्रुवारी 2000 रोजी पहिला ‘सिम्स’ आला. माणसं तयार करायची, त्यांचं घर बांधायचं, त्यांना खाऊपिऊ घालायचं, कामाला पाठवायचं, त्यांची भांडणं आणि लग्नं पाहायची. पहिल्या भागात मुलं मोठीच होत नसत. 2004 च्या दुसऱ्या भागात माणसं म्हातारी होऊ लागली, आईचे डोळे आणि बापाचं नाक मुलांत उतरू लागलं, आणि रांगणारं, पॉटीवर बसायला शिकणारं मूल घरात आलं. तिथून हा गेम पिढ्यांचा झाला.

तिसऱ्या भागात मी एक मोठं घर चालवत होते. आजी, दोन भाऊ, दोन जावा आणि त्यांची पोरं. आमच्या भागातल्या वाड्यांसारखं मधे अंगण ठेवून ते बांधलं होतं. आजी गेल्यावर तिची खोली नातीला मिळाली, पुढं नातीच्या मुलीला. असं घर चालवणाऱ्याला मधली रांगती वर्षं म्हणजे जास्तीची शोभा वाटत नाही. आजी आणि नात यांच्यातला दुवाच तिथं तयार होतो. मूल चालायला शिकतं तेव्हा घरातलं कुणीतरी त्याचे हात धरून बसलेलं असतं. ते दृश्य ज्यानं दोन भागांत पाहिलं, त्याला तिसऱ्यांदा ते मिळालं नाही तर घर रिकामं वाटणारच. हा राग मला तेव्हाही रास्त वाटला आणि आजही वाटतो.

निर्मात्यांची बाजूही ऐकायला हवी. मुख्य निर्मात्या रॅचेल फ्रँकलिन यांनी विक्रीच्या आधीच, जुलै 2014 मध्ये, जाहीरपणे सांगितलं होतं की गेमचा पाया नव्यानं रचला आहे आणि या वेळचं बळ माणसांच्या भावना आणि घरं-चेहरे घडवण्याची नवी साधनं यांवर लावलं आहे. ते खोटं नव्हतं. चेहरा हातानं ओढून, दाबून घडवण्याची सोय चौथ्या भागात सुरेख झाली आहे. माणूस जेवता जेवता गप्पा मारतो, रागावला की त्याची चाल बदलते. पण आधी असलेलं काढून नवं दिलं, तर माणूस आधी गेलेलंच मोजतो. माझा पहिला सल्ला यातूनच आला. जाहिरातीत नवं काय आलं याची यादी असते. तुम्ही दुसरी यादी मागा : आधीच्या भागातलं काय काय यात नाही? ही यादी कुणी छापून देत नाही, ती स्वतः करावी लागते. आपण जुन्या भागात रोज काय करतो ते कागदावर लिहायचं आणि विक्री सुरू झाल्यावर लोकांनी खेळून दाखवलेले व्हिडिओ पाहत एकेक गोष्ट तपासायची. माझ्या कागदावर पहिली नोंद ‘तीन पिढ्या’ अशी असते.

पुढं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये भुतं परत आली. नोव्हेंबरमध्ये तलाव आले. जानेवारी 2015 मध्ये तळघरं आली. रांगत्या मुलांसाठी मात्र 12 जानेवारी 2017 उजाडावा लागला, आणि ती आली तेव्हा आधीच्या दोन्ही भागांपेक्षा जिवंत होऊन आली : हट्ट करणारी, जेवण फेकणारी, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. जमिनीला उंचसखल करण्याची साधनं 2018 मध्ये आली. पाळण्याबाहेर येणारं, उचलून घेता येणारं तान्हं बाळ मार्च 2023 मध्ये. हे सगळं फुकट अपडेटमधून मिळालं. अमेरिकेत पहिल्या दिवशी 60 डॉलर मोजणाऱ्याला अर्धं घर मिळालं, आणि 18 ऑक्टोबर 2022 पासून मूळ गेम सगळ्यांनाच फुकट झाला. थांबलेल्याला भरलेलं घर आणि शून्य किंमत.

आमच्या तालुक्यात हे समजावून सांगायला मला द्राक्षबागेचा आधार घ्यावा लागतो. खुंटरोप लावायचं, त्यावर कलम बांधायचं, मांडवावर ओलांडे तयार करायचे. पहिल्या वर्षी कुणी घडांची वाट पाहत नाही, आणि नवी बाग हाताशी येईपर्यंत चालती जुनी बाग कुणी शहाणा माणूस तोडत नाही. गेमच्या नावापुढचा आकडा वाढला म्हणजे त्याच वेलीचा पुढचा हंगाम आला, असा समज होतो. खरं तर ती नवी लागवड असते. पाया नवा, वस्तू नव्यानं घडवलेल्या, आणि जुन्या भागात जपलेली माणसं-घरं नव्यात नेताच येत नाहीत. म्हणून नवा भाग घेतला तरी जुना संगणकावरून काढू नका. जुन्याची सेव्ह-फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. सिम्सच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागाची घरं ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ नावाच्या फोल्डरात, त्या त्या भागाच्या ‘सेव्हज’मध्ये असतात, तो अख्खा फोल्डर उचलून ठेवला की झालं. आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, यूपीएस नसेल तर हे फारच गरजेचं आहे. चौथ्या भागात मागच्या काही सेव्ह आपोआप बाजूला ठेवल्या जातात आणि ‘रिकव्हर’ करता येतात, हे पुष्कळ जणांना माहीत नसतं.

पैशांचा मोठा भाग मूळ गेमवर जातच नाही, जोड-पॅकवर जातो. ऋतूंचंच घ्या. पाऊस, बर्फ, ऊन दुसऱ्या भागाला 2007 मध्ये वेगळा पॅक म्हणून आले. तिसऱ्याला पुन्हा 2012 मध्ये. चौथ्याला पुन्हा 2018 मध्ये. कुत्री-मांजरी 2006, 2011 आणि 2017 मध्ये. कॉलेज 2005, 2013 आणि 2019 मध्ये. एकाच खेळाडूनं तोच पाऊस तीनदा विकत घेतला. दरवेळी तो नव्यानं घडवलेला असतो, ही गोष्ट खरी, आणि काही वेळा आधीपेक्षा चांगलाही असतो. पण नव्या भागाचा मूळ गेम आणि जुन्या भागाचं सगळ्या पॅकसकट भरलेलं घर यांची तुलना मनात आपोआप होते आणि तिथं नवा भाग हरतो. खरेदीच्या आधी स्वतःला विचारायचं : मला जे हवं ते मूळ गेममध्ये आहे की पॅकमध्ये? पॅकमध्ये असेल तर त्या पॅकची किंमत धरूनच हिशोब करायचा. माझ्याकडं येणाऱ्या शेतकरी घरांतल्या मुलींना 2021 चा ‘कॉटेज लिव्हिंग’ हा पॅक हवा असतो, कारण त्यात गाय, कोंबड्या आणि मोठ्या भाज्या आहेत. त्याच वर्षी आलेला ‘फॅशन स्ट्रीट’ हा छोटा संच मुंबईच्या रस्त्यावरच्या कपड्यांवरून बेतला आहे, तोही त्यांना आवडतो. असं नेमकं कारण असेल तर पॅक जरूर घ्यावा. सवलत लागते तेव्हा सगळेच उचलायचे, ही सवय महागात पडते. न उघडलेले पॅक मी किती तरी मुलांकडं पाहिलेत.

स्वस्तात मिळवायच्या नादात दोन गोष्टी आमच्याकडं वारंवार घडल्या. पहिली पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या चोरीच्या प्रतींची. आंघोळ करणाऱ्या माणसावर सिम्समध्ये चौकोनी धुरकट ठिपके येतात. चौथ्या भागाच्या चोरीच्या प्रतीत ते ठिपके आंघोळ संपल्यावर जात नसत, पसरत पसरत सगळा पडदा व्यापून टाकत. निर्मात्यांनीच ती युक्ती करून ठेवली होती. असा संगणक ग्राफिक्स कार्ड बिघडलं म्हणून दुरुस्तीला येई. शिवाय अशा प्रतींबरोबर व्हायरस येतात, आणि घरातल्या त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार होत असतात. दुसरी गोष्ट जुन्या डब्यांची. नाशिकच्या एका दुकानातून माझ्या विद्यार्थ्यानं डबाबंद डिस्क आणली. आतला कोड आधीच कुणीतरी वापरलेला निघाला आणि दुकानदारानं हात वर केले. हा गेम एकदा तरी इंटरनेटवरून चालू करावा लागतो आणि कोड एकाच खात्याला चिकटतो. वापरलेला डबा म्हणजे रिकामा डबा.

नव्या भागानं हिरमोड करणं फक्त सिम्सपुरतं नाही. सिम्स काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीचाच ‘सिमसिटी’ मार्च 2013 मध्ये आला तेव्हा एकट्यानं खेळायलाही सतत इंटरनेट लागत होतं. सर्व्हर कोसळले आणि विकत घेतलेल्यांना शहर बांधता येईना. इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय व्हायला वर्ष गेलं. ती पोकळी 2015 मध्ये फिनलंडच्या एका लहान संघानं ‘सिटीज : स्कायलाइन्स’ काढून भरली. आणि त्याच संघाचा दुसरा भाग ऑक्टोबर 2023 मध्ये इतका अडखळत आला की महागड्या संगणकांवरही तो रखडत चालत होता. पहिल्या भागानं कमावलेला विश्वास दुसऱ्या भागाची हमी देत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठं दिसेल?

नाराजी कशी मांडायची यावरही सांगायला हवं, कारण चिडलेली मुलं निर्मात्यांना शिव्या लिहितात आणि तेवढ्यावर थांबतात. रांगती मुलं परत आली त्यामागं वर्षानुवर्षं लावून धरलेली नेमकी मागणी होती : हे आधी होतं, ते आम्हाला यासाठी हवं, आणि नसल्यामुळं आमचा खेळ इथं अडतो. ‘गेम बकवास आहे’ या वाक्यातून प्रोग्रामरला काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. ‘बाळ पाळण्याबाहेर उचलता येत नाही’ यातून कळतं. तक्रार लिहिताना आपल्या संगणकाची रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि नेमकं कुठं अडलं ते लिहावं. इंग्रजीत लिहायला संकोचणाऱ्या मुलांना मी वर्गात बसवून अशी पत्रं लिहायला लावते.

हल्ली विचारणा होते ती ‘इनझोई’ची. ‘बीजीएमआय’ या मोबाइल गेममुळं इथल्या पोरांना क्राफ्टॉन हे नाव पाठ आहे, त्याच कंपनीचा हा जीवन-गेम 28 मार्च 2025 पासून ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणून, म्हणजे अपुरा आहे असं सांगूनच, स्टीम या ऑनलाइन दुकानात विकला जातो. दिसायला तो देखणा आहे. निदान आरटीएक्स 2060 कार्ड आणि 12 जीबी रॅम मागतो, म्हणजे आमच्या भागातले बहुतेक घरगुती संगणक तिथंच बाद. ज्यांचा संगणक पुरेसा आहे त्यांना मी स्टीमच्या परताव्याचा नियम समजावते : खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि खेळ 2 तासांपेक्षा कमी झालेला असेल तर पैसे परत मिळतात. अडचण अशी की जीवन-गेममध्ये हे पहिले 2 तास चेहरा घडवण्यात आणि स्वयंपाकघर मांडण्यात निघून जातात, आणि नेमक्या त्याच गोष्टी नव्या भागात सर्वांत चांगल्या केलेल्या असतात. म्हणून पहिल्या बैठकीत काहीही घडवायचं नाही. गेमनं दिलेलं तयार कुटुंब घ्यायचं, वेळ भरधाव सोडायचा, शेजाऱ्याच्या घरी जाऊन पाहायचं, कुणालातरी मूल होऊ द्यायचं आणि ते मूल कसं वाढतं तेवढंच पाहत बसायचं. घड्याळ समोर ठेवून.