ओझं कमरेवर हवं

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आपल्याकडची हौसेची शिकार संपली. बंदूक गेली, पण रानात हिंडणाऱ्याच्या पाठीवरचं ओझं काही हललं नाही. पक्ष्यांमागे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या कुणाचीही सॅक वजनकाट्यावर ठेवून बघा. सहाशे मिलिमीटरची मोठी लेन्स तीन किलोच्या आसपास, तिला पेलणारा ट्रायपॉड आणि त्यावरचं हेड मिळून आणखी तीन-चार किलो, कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, दुर्बीण, लपायला कापडी आडोसा, खाणं, औषधं. चेन्नईत राहत असाल तर शिवाय पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि इथल्या दमट उन्हात दिवसभर बाहेर राहायचं तर चार लिटरच्या खाली भागत नाही. बघता बघता काटा पंधरा किलोच्या पुढे सरकतो.

या शहराला कॅमेऱ्याच्या शिकारीची थोर परंपरा आहे. मैलापूरला राहणारे एम. कृष्णन (१९१२–१९९६) हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. १९५० पासून शेवटपर्यंत त्यांनी ‘स्टेट्समन’मध्ये निसर्गावरचं सदर चालवलं. रानहत्तींचे कृष्णधवल फोटो ते पायी जवळ जाऊन काढायचे, आणि तेही वेगवेगळे सुटे भाग जुळवून स्वतःच उभ्या केलेल्या अवजड कॅमेऱ्याने. त्या कॅमेऱ्याचं नाव त्यांनी ‘सुपर पाँडरोसा’ ठेवलं होतं. चांगलं चित्र हवं असेल तर वजन टळत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. ते वजन शरीराच्या कुठल्या भागाने उचलायचं, एवढंच आपल्या हातात असतं. माझं सगळं सांगणं त्याबद्दलच आहे.

पुलिकतला मला हे कळलं. चेन्नईच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर हे खारं सरोवर आहे, चिल्कानंतर देशातलं सर्वांत मोठं. थंडीत तिथे रोहित पक्षी उतरतात. पाणी उथळ, काठाला मैलोन्‌मैल चिखल. होडी एका ठिकाणी थांबते आणि पुढे घोट्याएवढ्या गाळातून चालायचं असतं. अशा ठिकाणी पाठीवरची सॅक खाली ठेवता येत नाही, कारण ठेवायला कोरडी जागाच नसते. माझी सॅक नवी होती, दिसायला देखणी, कप्पेच कप्पे असलेली. कमरेला मात्र दोन बोटं रुंदीची नुसती पट्टी आणि पाठीच्या बाजूला आत एक पातळ प्लास्टिकचा पत्रा. वजन पडल्यावर तो पत्रा वाकला, सगळा भार खांद्यावर आला आणि पट्टे गळ्याजवळ रुतत गेले. परतताना होडीवाले अण्णा म्हणाले, “अक्का, हात का असा धरलाय?” तेव्हा माझ्या ध्यानात आलं की उजवा हात मी केव्हापासून डाव्या हाताने सावरून धरला होता. बोटांना मुंग्या आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालायला हात वर जाईना. थोडी विश्रांती घेतली की होईल ठीक, असं घरातले म्हणत होते, झालं नाही. डॉक्टर बाईंनी मला भिंतीला दोन्ही तळवे टेकवून ढकलायला सांगितलं. डावा खवाटा जागेवर राहिला, उजवा पाठीपासून सुटून मागे आला. मानेतून निघून हासळीच्या हाडाखालून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा सॅकच्या पट्ट्याखाली तासन्‌तास दबला होता. सैनिकांमध्ये हा त्रास इतका ओळखीचा आहे की वैद्यकात त्याला ‘रकसॅक पाल्सी’ असं नावच आहे. कंबरपट्टा आणि ताठ फ्रेम असलेल्या सॅकमध्ये तो क्वचित होतो, हेही त्यांनी सांगितलं. नस हळूहळू सावरते, आणि तोवर वजन उचलायचं नाही. रोहितांचा तो हंगाम मी घरी बसून काढला. हात जड पडतोय, बोटं बधिर होतायत असं वाटलं तर जिथे असाल तिथे ओझं उतरवा, सोबत्याकडे द्या, आणि बधिरपणा टिकला तर डॉक्टरांना दाखवा. तेल लावून शेकत बसू नका.

आता सॅक कशी निवडायची ते.

आधी पाठ मोजा. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी एक मणका हाताला टोचतो. तिथून खाली, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर दोन्ही हात ठेवून अंगठे मागे वळवले की जी रेषा मिळते तिथपर्यंत, टेपने मोजायचं. घरातल्या कुणाला तरी मोजायला सांगा, स्वतःचं स्वतःला जमत नाही. हे तुमच्या पाठीचं माप. नुसत्या उंचीवरून ते कळत नाही. माझ्याहून बुटक्या मैत्रिणीची पाठ माझ्याहून लांब आहे. दुकानात सॅकवर लिटर लिहिलेले असतात, विक्रेतेही लिटरच सांगतात, पण जड ओझ्याच्या सॅकमध्ये पहिली चौकशी पाठीच्या मापाची करा. पट्टे वरखाली सरकवता येणारी सॅक मिळाली तर उत्तम. बायकांनी तर हे पाहावंच. पुरुषांच्या मापाची सॅक आपल्या पाठीवर बसली की कंबरपट्टा खाली नितंबांवर घसरतो आणि त्याचा काही उपयोग उरत नाही.

कंबरपट्टा हा सॅकचा सर्वांत महत्त्वाचा भाग. जाड, ताठ, आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा हवा. परीक्षा सोपी आहे: सॅकमध्ये वजन भरा, पट्टा आवळा आणि खांद्यावरचे पट्टे पूर्ण सैल सोडा. सॅक कमरेवर बसून राहिली तर घ्या, खाली घसरली तर पुढची बघा. पट्टा आवळल्यावर पोटावर दोन्ही गाद्यांच्या मध्ये थोडी फट उरायला हवी, म्हणजे घामाने, थकव्याने तो सैल पडला तर आणखी ओढायला वाव राहतो. डोक्यावरच्या हंड्याखाली चुंबळ जे काम करते तेच इथे कंबरपट्टा करतो. एका जागी रुतणारा भार तो पसरवतो आणि हाडावर सोपवतो.

पण पट्टा चांगला आणि फ्रेम लेची असली तर सगळं व्यर्थ. वजन कमरेपर्यंत पोचवते ती फ्रेम. पाठीच्या पॅनलमध्ये अॅल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा सळीची चौकट आहे ना, ते हाताने चाचपा. सॅक जमिनीवर उभी धरून वरून दाबा. कमरेशी दुमडली तर ती कपडे न्यायची सॅक आहे. फ्रेमचं वरचं टोक खांद्यांच्या वर गेलं पाहिजे, कारण तिथूनच एक छोटी ओढपट्टी खांद्याच्या पट्ट्याकडे तिरकी उतरते. ती ओढली की सॅकचा माथा पाठीकडे येतो आणि खांदे मोकळे होतात. ही पट्टी आडवी पडत असेल तर फ्रेम तुम्हाला आखूड आहे.

भक्कम फ्रेमचा खरा कस अमेरिकेतल्या शिकाऱ्यांकडे लागतो. तिकडे शिकार कायदेशीर आहे. तिथले लोक एल्कसारखं मोठं जनावर जागेवरच तोडून त्याचे भाग डोंगरातून पाठीवर आणतात. एकेक खेप तीस किलोच्या घरात जाते. त्यांच्या सॅकची पिशवी फ्रेमपासून सुटी करता येते आणि मधल्या जागेत मांस आवळून बांधतात. जड वस्तू पाठीला चिकटून राहावी, हा त्यामागचा विचार. डिक केल्टी यांनी १९५२ साली कॅलिफोर्नियात अॅल्युमिनियम फ्रेमच्या सॅक विकायला सुरुवात केली, तेव्हापासून तिकडे भार कमरेवर नेण्याची ही विद्या मुरत गेली आहे. आपल्याकडच्या दुकानात शिकारीच्या सॅक नसतात आणि त्या मागवायची गरजही नाही. तत्त्व मात्र उचलावं. ट्रेकिंगची भक्कम सॅक घ्या, लेन्स आणि पाणी पाठीला लागून, खवाट्यांच्या पातळीवर भरा, हलकं सामान तळाशी आणि बाहेरच्या बाजूला. ट्रायपॉड बाहेर लोंबकळत ठेवला की प्रत्येक पावलाला तो मागे खेचतो. बाजूला उभा, वरखाली दोन ठिकाणी आवळून बांधा आणि पाण्याची एक बाटली दुसऱ्या बाजूला ठेवून तोल सांभाळा.

इथे चेन्नईकरांना एक मोह पडतो. पाठीशी ताणलेली जाळी आणि मधून वारा खेळणारी सॅक. घाम निथळत असताना ती फार सुखाची वाटते, आणि आठ-नऊ किलोपर्यंत मी तीच वापरेन. त्याहून जड ओझ्याला ती नको. वाऱ्यासाठी सोडलेली फट भार पाठीपासून लांब नेते आणि तो भार मागे ओढत राहतो. जड ओझं वाहायचं तर पाठ भिजणार, हे मान्य करा आणि सुती बनियनऐवजी लवकर वाळणारा सदरा घाला.

या शहराची हवाही सॅक खाते, हे पुण्या-नाशिककडून इथे आलेल्यांना माहीत नसतं. कापडाला आतून जो पॉलियुरेथेनचा लेप असतो तो उष्ण, दमट हवेत हळूहळू विघटित होतो. आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली सॅक काही वर्षांनी काढली तर आतून आंबट, उलटीसारखा वास येतो. तो लेप संपल्याची ती खूण. म्हणून स्वस्तात मिळणारा जुना साठा किंवा कुणाची वापरलेली सॅक घेताना नाक आत घाला आणि अस्तरावरून बोट फिरवा. खाऱ्या वाऱ्याने चेनचे धातूचे भाग गंजून अडकतात, तेव्हा दात नायलॉनचे असलेली जाड चेन पाहा. पुलिकतहून किंवा बेसंतनगरच्या किनाऱ्यावरून आलं की साध्या पाण्याने चेन आणि बकलं धुवा, सॅक सावलीत वाळवा आणि भिंतीला उघडी टांगून ठेवा. कॅमेरा आणि लेन्स त्याच दिवशी बाहेर काढा. ओल्या सॅकमध्ये राहिलेल्या लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

पाऊस इथे ऑक्टोबर ते डिसेंबर कोसळतो, नेमका पक्ष्यांच्या हंगामात. वरून घालायचं रेनकव्हर पाठीची बाजू उघडीच ठेवतं आणि पाणी तिथूनच झिरपतं. सामान आत एका जाड जलरोधक पिशवीत भरून तिचं तोंड गुंडाळून बंद करावं.

शिवण पाहायची ती पट्टा सॅकला जिथे जोडला आहे तिथे. एकावर एक टाक्यांच्या दोन-तीन ओळी, चौकोनात फुली मारलेली शिलाई, पट्ट्याचं टोक शिवणीच्या आत खोल गेलेलं. धागे सुटलेले दिसले किंवा पट्टा ओढल्यावर टाक्यांची भोकं रुंदावली, तर रंग कितीही आवडलेला असो, ठेवून द्या.

आणि मुळात किती उचलायचं? सराव नसलेल्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या पुढे जाऊ नये. साठ किलोच्या माणसाला बारा किलो झाले. वर मांडलेलं सगळं सामान या हिशेबात बसत नाही. म्हणजे दोघांनी मिळून जा, एक ट्रायपॉड दोघांत वापरा. वेदंथंगलला तर मोठी सॅक न्यायचीच नाही. तिथे तळ्याच्या बांधावरून पक्षी समोर दिसतात. शिकारीची खरी विद्या ज्यांच्याकडे आहे त्या इरुळ आदिवासींना पाहा. साप धरायला निघाले की हातात पहार आणि कापडी पिशवी, बस. याच भागातले मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल २०१७ साली फ्लोरिडात अजगर पकडायला गेले ते याच पद्धतीने. २०२३ साली दोघांना पद्मश्री मिळाली. माग काढता आला की सामान कमी लागतं, हे मला त्यांच्याकडे बघून पटलं. आता निघण्याआधी सॅकमधली एखादी वस्तू मी काढून ठेवतेच.

दुकानात जाताना आपलंच सामान सोबत न्या, निदान पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. रिकामी सॅक पाठीवर घालून आरशात बघण्याने काही कळत नाही. घालतानाचा क्रम असा: सगळे पट्टे सैल करा, सॅक आधी मांडीवर घ्या, मग पाठीवर, पहिल्यांदा कंबरपट्टा आवळा, मग खांद्याचे पट्टे, मग वरच्या ओढपट्ट्या, छातीची पट्टी शेवटी आणि हलकीच. बिल जपून ठेवा, बदलून देतात का ते आधीच विचारा आणि लेबल कापू नका. घरी आल्यावर तांदळाच्या पिशव्या आणि बाटल्या भरून तासभर वावरा, इमारतीचा जिना चढा. चेन्नई सपाट आहे, तेव्हा एखाद्या पहाटे सेंट थॉमस माऊंटच्या पायऱ्याही त्याच ओझ्यासह चढून उतरून बघा. उतरताना खांदे दुखले तर पट्टे पुन्हा जुळवा. जुळवूनही दुखले तर सॅक त्याच आठवड्यात परत करा.