पाणी मारायच्या आधीची बोली

भाच्या, डिटेलिंगचं दुकान काढतोयस; गाडी चमकवायची कशी हे मी तुला शिकवायला नको. बफिंग मशीन तुझ्या हातात माझ्यापेक्षा बरं चालतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी जन्मभर डेंटिंग-पेंटिंग केलं. सिरॅमिक कोटिंग, पीपीएफ म्हणजे रंगावर चढवायची पारदर्शक फिल्म, ही नावं तेव्हा कुणाच्या कानावरही नव्हती. पण गिऱ्हाईक तेच आहे आणि भांडणंही तीच. ती दोनच वाक्यांनी सुरू होतात: "हे आधी नव्हतं" आणि "एवढे कसले पैसे?" दोन्ही टाळायची वेळ एकच, गाडीवर पाणी पडायच्या आधीची. तेव्हा जे बोललास आणि लिहिलंस तेवढंच तुझं. जे लिहिलं नाहीस ते फुकट करावं लागतं, नाहीतर खिशातून भरावं लागतं.

गाडी दोनदा बघ. पहिल्यांदा गिऱ्हाईक समोर असताना, त्याच्याबरोबर गाडीभोवती एक फेरी मार. पोचे, चरे, काचेवरचा तडा, घासलेली अलॉय व्हील, फाटलेलं सीट, डॅशबोर्डवर पेटलेले दिवे, किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा, सगळं जॉब कार्डावर उतरव आणि व्हिडिओ काढ. पण धुळीखाली निम्मे ओरखडे लपलेले असतात. म्हणून गाडी धुऊन झाली की उजेडाखाली दुसऱ्यांदा बघ. नवीन काही दिसलं तर फोटो पाठव, त्याचं "ठीक आहे" येऊ दे, मगच पॉलिशला हात लाव. व्हॉट्सॲपवरचा होकारही करारच असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेल्या कराराला मान्यता आहे.

रंगाची जाडी मोजून लिही. कारखान्यातून आलेला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनांचा असतो आणि त्यातला वरचा क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनांचा. रबिंग करतोस म्हणजे त्यातलाच थोडा खरवडून काढतोस. आधी दोन-तीनदा रबिंग झालेली गाडी असेल तर खाली काय उरलंय ते डोळ्याला दिसत नाही. मीटरने बॉनेट, छत, दारं मोजून आकडे कार्डावर टाक. एका दारावर 250 आणि बाकीकडे 120 दिसले तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे, हे मालकाला तिथंच सांग. जुनी गाडी विकत घेतलेल्याला कित्येकदा ते ठाऊकच नसतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालत नाही, तिथं नजर आणि बोटं वापर.

गाडीतलं सामान त्याच्याच हातानं काढून घ्यायला लाव. रोकड, कागदपत्रं, गॉगल, पेनड्राइव्ह, डॅशबोर्डवरचा गणपती. राहिलेल्या वस्तूंची यादी कर आणि सही घे. इन्स्टाग्रामवर गाडीचा फोटो टाकायचा असेल तर त्याचीही परवानगी याच कार्डावर घे. नंबरप्लेट झाक.

"गाडी मालकाच्या जबाबदारीवर" ही पाटी लावू नकोस. ती लावली की आपण सुटलो असं अनेकांना वाटतं. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात 1998 साली पार्किंगला दिलेली मारुती झेन चोरीला गेली. पार्किंगच्या पावतीवर मालकाच्या जोखमीचं वाक्य छापलेलं होतं. तरी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरलं. गाडी ताब्यात घेतलीस, तर स्वतःच्या निष्काळजीपणातून छापील ओळीच्या आधारे सुटता येणार नाही, असा त्याचा अर्थ. 1872 च्या करार कायद्याचं कलम 151 तेच सांगतं: दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलीस तर शहाणा माणूस स्वतःची सांभाळतो तशी सांभाळ. तेव्हा पाटीचा खर्च वाचव आणि विमा एजंटाकडे मोटार ट्रेड पॉलिसीची चौकशी कर. आवारातल्या गाड्यांचं नुकसान आणि रस्त्यावर चालवून बघताना होणारं नुकसान, दोन्ही त्यात येतं का ते वाचून घे. चावी मात्र लायसन्स नसलेल्या पोराच्या हातात कधीच नाही, गाडी फूटभर पुढं घ्यायची असली तरी.

"फुल डिटेलिंग" हे कामाचं नाव होत नाही. गिऱ्हाईकाच्या डोक्यात त्याचा अर्थ वेगळा, तुझ्या डोक्यात वेगळा. कार्डावर कामं सुटी लिही: बाहेरून वॉश, डांबराचे डाग, एक टप्प्याचं पॉलिश, सीट शॅम्पू, छताचं कापड, इंजिन बे. त्याखाली "यात नाही" असा रकाना ठेव. खोल चरे, दगडाचे टवके, पोचे, काचेवरचे बोअरच्या पाण्याचे जुने डाग, असं त्यात लिही. डागाबद्दल "निघेल" म्हणू नकोस, "कमी होईल, पूर्ण जाईल असं नाही" असं म्हण आणि तेच लिही. दसऱ्याला बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक पांढऱ्या गाडीवर महिनाभर राहिलं की त्याची छटा जायला त्रास देते. मालकाला वाटतं, कुंकूच तर आहे.

दर शेजाऱ्याचा बघून लावू नकोस, स्वतःचा तास मोजून लाव. समज, तुझं महिन्याचं भाडं 35,000, दोन पोरांचा पगार मिळून 40,000, वीज-पाणी 8,000, विमा, फोन आणि हिशेबनीस 5,000, मशिनांची झीज 6,000 आणि तुझा स्वतःचा पगार 40,000. शेवटचा आकडा नवे लोक धरतच नाहीत आणि मग वर्षभर राबून घरी काही नेत नाहीत. बेरीज झाली 1,34,000. दोन पोरं 26 दिवस आठ तास राबली तर 416 तास होतात. पण पाऊस, वाट बघणं, साफसफाई, पुन्हा करून द्यायची कामं वगळली तर विकले जाणारे तास 250 च्या आसपास धर. म्हणजे तुझा एक तास 536 रुपयांना पडतो. आतून साफ करायला पाच तास लागणारी गाडी 2,680 ची झाली, त्यात 400 चं केमिकल आणि मायक्रोफायबर, एकूण 3,080. एवढे घेतलेस तर तू ना नफा ना तोटा. त्यावर 15 टक्के धरून 3,540 हा तुझा दर. आकडे तुझे तू घाल, रीत हीच ठेव.

आता सूट देऊन बघ. "दहा टक्के तरी सोडा" असं प्रत्येक जण म्हणणार. दहा टक्के म्हणजे 354 रुपये. तुझा नफा होता 460, उरले 106. गिऱ्हाईकाने दहा टक्के मागितले आणि तू नफ्याच्या चारातले तीन हिस्से देऊन टाकलेस. म्हणून रक्कम कमी करायची असेल तर काम कमी कर. "साहेब, छताचं कापड वगळूया, तीन हजारात बसवतो." घासाघीस करणाऱ्यालाही मान राहतो. तेवढ्याच कामाचे पैसे उतरवलेस तर पहिला दर खोटा होता असं त्याला वाटतं, आणि पुढच्या वेळी तो वीस टक्क्यांपासून सुरू करतो.

फोनवर पक्का दर देऊ नकोस. हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही असा मापाचा दर ठरव आणि त्याला मळाची प्रत जोड: साधी, मळकी, फार खराब. शहरात फिरणारी गाडी वेगळी आणि गळीत हंगामात उसाच्या फडापर्यंत जाऊन आलेली बोलेरो वेगळी. कुत्र्याचे केस, सांडलेलं दूध, गाडी लागलेल्या पोराची उलटी, यांचे जादा दर भिंतीवर लिहून ठेव. फोनवर "अमुकपासून अमुकपर्यंत, गाडी बघून सांगतो" एवढंच. काम करताना वाढीव काही निघालं तर थांब, फोन कर, नवा आकडा सांग, होकार घे. बिलात अचानक आलेला आकडा योग्य असला तरी फसवणुकीसारखा दिसतो.

कोटिंगची गॅरंटी कुणाची, ते लिही. "पाच वर्षं" हा आकडा बाटलीवर कंपनीने छापलेला असतो, तोंडाने तू उच्चारलास की तो तुझा होतो. कंपनीची वॉरंटी वेगळी, तुझ्या हातच्या कामाची जबाबदारी वेगळी. ठरावीक महिन्यांनी तपासणी-वॉश बंधनकारक असेल तर त्याचे पैसे कोण देणार, तेही लिही. कोटिंगचा कडकपणा "9 एच" ऐकून लोकांना वाटतं की चराच पडणार नाही. तो कडकपणा पेन्सिलीच्या मापाचा आहे. हायवेवरचा खडा लागला की टवका उडणारच आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसली की बारीक रेघा येणारच. खड्यापासून जपायचं असेल तर पीपीएफ. हे गाडी नेताना सांगून उपयोग नाही, पैसे घेण्याआधी सांग. कोटिंग सुकायला वेळ लागतो, तेव्हा "संध्याकाळी देतो" असा शब्द देऊ नकोस.

इसार घे, उधारी ठेवू नकोस. कोटिंग, पीपीएफसारख्या मोठ्या कामात निदान मालाचे पैसे आधी हातात असू देत, आणि गिऱ्हाईक आलंच नाही तर इसारातलं किती परत मिळेल ते पावतीवर लिही. उरलेले पैसे चावी देताना. मेहनतीचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याचं कलम 170 तुला देतं. पण त्या कलमाखालीच शिंप्याचं उदाहरण आहे: कोट शिवून झाला की देतो, पैसे तीन महिन्यांनी चालतील असं त्याने कबूल केलं, तर कोट अडवता येत नाही. "नंतर द्या हो" म्हणालास की तुझाही हक्क गेला. मागच्या बिलासाठी आजची गाडीही अडवता येत नाही.

पक्कं बिल दे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित प्रथा मानली आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की सेवेसाठी जीएसटीची नोंदणी लागते आणि या कामावर 18 टक्के लागतात. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही. नोंदणी झाल्यावर दर सांगताना "अधिक जीएसटी" हे शब्द आधी उच्चार. 3,540 ऐकून आलेल्याला 4,177 चं बिल दिलंस तर चूक तुझीच.

काही कामांना नाही म्हण. काळी फिल्म मागतील. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली. पुढच्या-मागच्या काचेतून निदान 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम आहे. "दंड मी भरतो" असं म्हणणारा पोलिसाला तुझंच नाव सांगतो. दुसरं, पुरातली गाडी. 2019 आणि 2021 ला पंचगंगा शहरात व्हीनस कॉर्नरपर्यंत आली होती, ते तू पाहिलंयस. पाण्यात बसलेली गाडी विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत साफ करायला घेऊ नकोस. तू चिखल धुतलास की त्याच्या दाव्याचा पुरावाही धुतलास. त्या गाडीला चावीही लावायची नाही.

ओळखीच्यांनाही कार्ड. पाव्हण्यांना सवलत द्यायची तर खुशाल दे, पण बिलावर पूर्ण दर लिहून खाली सवलत वजा दाखव. आपल्याला किती सोडलं हे त्यांना दिसू दे. सही मात्र सगळ्यांची. माझ्या गाडीचीसुद्धा मी सही करीन.

बोर्ड, दिवे, फोम मारायचं यंत्र, सगळं हौसेनं घेतलं आहेस. त्याआधी छापखान्यात जा आणि मराठीतलं, मोठ्या अक्षरातलं, कार्बन कॉपीचं जॉब कार्डाचं पुस्तक छापून आण. ते हातात येईपर्यंत पहिली गाडी आत घेऊ नकोस.