नौसैनिकाचे प्रशिक्षण आणि घरची माणसे

माणदेशातील किंवा मराठवाड्यातील एखाद्या गावातून मुलगा लष्करात भरती झाला, म्हणजे त्या घराला विचारायला गावातच चार माजी सैनिक सापडतात. सुट्टी केव्हा मिळते, पत्ता कसा लिहावयाचा, पहिल्या महिन्यात मुलगा रडवेला का होतो, हे सारे त्यांना ठाऊक असते. नौदलाच्या बाबतीत, कोकणपट्टी सोडली तर, असा अनुभवी शेजार फारसा आढळत नाही. ज्या घराने समुद्रच पाहिलेला नाही, त्या घरातील मुलगा वा मुलगी नौदलात जाते तेव्हा प्रशिक्षणाचा काळ त्या मुलाइतकाच घरच्या माणसांनाही अपरिचित असतो. मुलगा तेथे टिकावा यासाठी घराने काय करावे आणि काय टाळावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

नौदलातील नौसैनिकांचे प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातील आय. एन. एस. चिल्का या संस्थेत होते. खुर्दा जिल्ह्यात चिल्का सरोवराच्या काठी वसलेली ही संस्था १९८० साली नौदलात दाखल झाली. मुंबईहून पुणे, सोलापूर, विशाखापट्टणम या मार्गाने भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस याच सरोवराच्या काठाने धावते. प्रवास सुमारे दीड दिवसाचा आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाल्यानंतर येथील प्राथमिक प्रशिक्षण सोळा आठवड्यांचे करण्यात आले. कवायत, शारीरिक शिक्षण, पोहणे, शस्त्रांचा सराव, नौकानयनाची मूलतत्त्वे आणि नौदलाची शिस्त व रीतिरिवाज असा त्याचा आशय असतो. विहिरीत पोहलेल्या मुलाला पोहण्याचे भय नसते. पण पाण्यात कधीच न उतरलेल्या मुलाला तेथे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हवा दमट, भाषा हिंदी, जेवण वेगळे, आणि दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्याने आखलेला. घर सोडून प्रथमच बाहेर पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला पहिले काही आठवडे जड जातात, यात नवल नाही.

येथे एका उतावळेपणाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. निवडपत्र हाती पडताच वेशीवर फ्लेक्स लागतो, सत्कार होतो, मिरवणूक निघते. गावाचा आनंद समजण्यासारखा आहे. तथापि चिल्का येथे पोहोचल्यावर उमेदवाराची अंतिम वैद्यकीय तपासणी होत असते आणि तीत काहीजण अपात्र ठरून परतही येतात. ज्याची मिरवणूक निघाली त्याला कानाचा अथवा डोळ्याचा दोष निघाला म्हणून त्याच वेशीतून परत येणे किती कठीण जात असेल, याची कल्पना करता येईल. सत्काराला सोळा आठवडे उशीर झाल्याने काही बिघडत नाही.

तो पहिला फोन

प्रशिक्षण काळात हवा तेव्हा फोन करण्याची मुभा नसते. संस्था देईल त्या वेळेत, थोडा वेळ बोलणे होते. घरी मात्र पोहोचल्याचा निरोप आल्यानंतर आठ दिवस फोन आला नाही की काळजी सुरू होते. आई जेवत नाही, मामा ओळखीच्या माणसाचा शोध घेऊ लागतो. वास्तविक फोन न येणे म्हणजे दिनक्रम सुरळीत चालला आहे, असाच त्याचा बहुधा अर्थ असतो. पूर्व किनाऱ्यावर वादळ आले की ही काळजी अधिकच वाढते. ऑक्टोबर २०१३ मधील फायलिन वादळ गोपाळपूरजवळ आणि मे २०१९ मधील फनी वादळ पुरीजवळ किनाऱ्याला धडकले. ही दोन्ही ठिकाणे चिल्का सरोवराच्या दोन बाजूंना आहेत. अशा वेळी दूरदर्शनसमोर बसून तर्क करीत राहण्यापेक्षा संस्थेकडून येणाऱ्या निरोपाची वाट पाहणे बरे.

आणि मग तो फोन येतो. पाय सुजले आहेत, झोप पुरत नाही, आपल्याला हे जमणार नाही, परत येतो, असे मुलगा सांगतो. या क्षणी घर जे बोलते त्याला फार महत्त्व आहे. काही घरांतून लगेच "ये बाबा, निघून ये" असे उत्तर जाते. काही घरांतून "परत आलास तर तोंड दाखवू नकोस" असे जाते. पहिले उत्तर मायेपोटी आणि दुसरे अब्रूपोटी असते. परंतु दोन्ही सारखीच घातक आहेत. पहिल्याने मुलाचा उरलासुरला निर्धार ढासळतो. दुसऱ्याने त्याची बोलण्याची वाट बंद होते, आणि पुढच्या फोनवर तो "सगळे ठीक आहे" एवढेच सांगतो.

मुलाचे पूर्ण ऐकून घ्यावे. आजचा दिवस कसा गेला, शेजारच्या खाटेवर कोण आहे, पोहण्यात किती प्रगती झाली, असे लहान प्रश्न विचारावेत. एवढ्याने पुष्कळ काम होते. निर्णय मागायचा नाही, द्यायचाही नाही. थकलेल्या मुलाला बहुतेक वेळा परवानगी नको असते, कोणीतरी ऐकणारे हवे असते. शिवाय अग्निवीराला मुदतीपूर्वी स्वतःच्या इच्छेने सेवा सोडून येण्याची सामान्यतः परवानगी नाही, आणि उमेदवार अठरा वर्षांखालील असेल तर नावनोंदणीच्या कागदावर पालकाचीही सही असते. ती सही करण्यापूर्वीच घराने हा सर्व विचार करावयास हवा.

मात्र थकवा आणि खरे मानसिक संकट यांत फरक आहे, आणि तो घरच्या माणसांनाच प्रथम जाणवतो. मुलगा जेवणखाण टाळू लागला, एरवी बोलका असून तुटक बोलू लागला, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा त्याच्या तोंडी आली, तर "सवय होईल" म्हणून ते सोडून देऊ नये. नौदलात प्रत्येक नौसैनिक एका डिव्हिजनल ऑफिसरच्या देखरेखीखाली असतो. शिस्त पाहणे जसे या अधिकाऱ्याचे काम, तसेच आपल्या माणसांची अडचण समजून घेणे हेही त्याचेच काम असते. त्याच्यापर्यंत ही गोष्ट पोहोचविणे म्हणजे मुलाची तक्रार करणे नव्हे. टेलिमानस या शासकीय दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांनाही उपयोगी पडतो. सैन्यदलांतील व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला.

घरातील वाईट बातमी

आजी आजारी पडते, शेतीचा वाद निघतो, बैल दगावतो. कोणती बातमी मुलाला कळवावी आणि कोणती राखून ठेवावी, असा प्रश्न प्रत्येक घरापुढे येतो. बांधावरचे भांडण चिल्क्याला कळविण्याची काही गरज नाही. तेथून तो काहीच करू शकत नाही, आणि रात्रीची झोप मात्र गमावतो. परंतु आईवडिलांचे गंभीर आजारपण किंवा घरातील मृत्यू दडवून ठेवू नये. "परीक्षा होईपर्यंत सांगू नका" हा आपल्याकडील जुना प्रघात येथे उपयोगाचा नाही. दीक्षान्त संचलनानंतर घरी आलेल्या मुलाने आजीची रिकामी खाट पाहावी, हे त्याच्यावर अन्यायाचे आहे, आणि पुढे घरच्या शब्दावर त्याचा विश्वासही राहत नाही. पूर्वी अशा प्रसंगी तार जात असे; ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता संस्थेच्या कार्यालयास प्रथम कळवावे, म्हणजे बातमी सांगताना मुलाजवळ कोणी जबाबदार माणूस असेल. यासाठी संस्थेचा पत्ता, दूरध्वनी आणि मुलाचा सेवा क्रमांक घरात लिहून ठेवलेला असावा. अडचण आल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन घेता येते.

मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. २०२२ मध्ये नौदलाने प्रथमच स्त्रियांना नौसैनिक म्हणून प्रवेश दिला. मार्च २०२३ मध्ये बाहेर पडलेल्या सुमारे २६०० अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत अडीचशेहून अधिक मुली होत्या. भरतीच्या अटींनुसार अग्निवीराला चार वर्षांच्या काळात विवाह करता येत नाही. असे असूनही प्रशिक्षणातील मुलीला फोनवर "अमक्याचे स्थळ आले आहे" असे सांगितले जाते. त्या दहा मिनिटांत सांगण्यासारखे दुसरे काहीच नव्हते काय? सोयरिकीचा विषय तिच्या माघारी, आणि चार वर्षे दूर ठेवणे, हीच घराने तिला केलेली मोठी मदत होय.

पैशाविषयी थोडक्यात. २०२२ च्या योजनेनुसार पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये वेतन असून त्यातील ९,००० रुपये सेवा निधीत जातात आणि २१,००० हाती पडतात. या रकमेच्या भरवशावर ट्रॅक्टरचे कर्ज काढू नये. चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम होतात, तेव्हा "पुढे काय" ही चिंता रास्त आहे. पण सोळा आठवड्यांत ती मुलाच्या डोक्यात घालण्याने काहीही साधत नाही.

घराकडून आणखी एक दक्षता अपेक्षित आहे. हेरगिरीच्या एका प्रकरणानंतर नौदलाने डिसेंबर २०१९ मध्ये जहाजांवर व तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुक यांना बंदी घातली. मुलाने नियम पाळावा आणि धाकट्या भावाने त्याच्या गणवेशातील छायाचित्राखाली तुकडी, ठिकाण व नेमणूक लिहून प्रसिद्ध करावे, हे विसंगत आहे. "तुमच्या मुलाला अपघात झाला, ताबडतोब पैसे पाठवा" असा अनोळखी फोन आल्यास घरात लिहून ठेवलेल्या क्रमांकावर आधी चौकशी करावी.

सोळा आठवड्यांच्या अखेरीस दीक्षान्त संचलन होते आणि त्यास पालकांना उपस्थित राहता येते. पहिल्या तुकडीचे संचलन सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या प्रकाशात झाले होते. प्रवास लांबचा असल्याने आरक्षण वेळीच करावे. मुलगा ओळखू येण्यास क्षणभर उशीर लागला तरी गोंधळू नये. त्यानंतरचे व्यावसायिक प्रशिक्षण शाखेप्रमाणे निरनिराळ्या ठिकाणी असते: यांत्रिकी शाखेचे लोणावळ्याच्या आय. एन. एस. शिवाजी येथे, विद्युत शाखेचे जामनगरच्या आय. एन. एस. वलसुरा येथे, तोफखान्याचे कोचीच्या आय. एन. एस. द्रोणाचार्य येथे. लोणावळ्यास नेमणूक झाली तर घर पुष्कळच जवळ येते. इतरांच्या घरी मात्र भिंतीवरचा पत्ता खोडून नवा लिहावा लागतो.